आवणीची रजा

प्रिय सपना,

ओळख पटते का बघ. मी तुझी आजी, पुतळी. साखरशेतच्या वरच्या अंगाला, उतारावरच्या पाड्यात राहते. उंची बेताची, दात गेलेले, आवाज शाबूत. आपली ओळख तू जन्मलीस त्या दिवसापासूनची आहे, पण तुला हल्ली शेकड्यांनी माणसांची नावं लक्षात ठेवावी लागतात, त्यात माझं कुठंतरी मागं पडलं असेल. राग नाही. फोन लावला तर तू उचलत नाहीस. उचललास तर ‘आजी, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतेस. ही कसली मीटिंग गं बाई, सुरू झाली तेव्हा मोहाची फुलं पडत होती, आता मोहाला फळं धरली तरी उठायचं नाव नाही! तिथं निदान चहा तरी देतात का?

म्हणून हे पत्र. सांगते मी आणि लिहिते पुष्पा. पुष्पा म्हणजे आपल्या अंगणवाडीची ताई, तुझ्याबरोबर जव्हारला शाळेत होती ती. तिलाही विसरली असशील तर आत्ताच आठवून घे, लेखणी तिच्या हातात आहे. तिनं आल्या आल्या ‘पत्रास कारण की’ असं लिहायला घेतलं होतं. मी म्हटलं, थांब, कारण शेवटी. आधी मला तिला रागवायचंय. एकदा कारण कळलं की ही पोरगी पुढचं वाचायची नाही. तुझा बाप ओट्यावर दोरी वळत बसलाय. सगळं ऐकतोय आणि ऐकत नसल्यासारखं दाखवतोय. तुझी आई शेळ्या घेऊन गेली आहे, नाहीतर पत्रात निम्मं तिचंच झालं असतं.

तर आता रागवते. बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलीस. दिवस तू बरोबर निवडलास, ते मी मानते. बोहाड्याला तुझं भिवंडीचं गोडाऊन काय, वसईचं बांधकाम काय, सगळी माणसं घरी असतात. पण रात्रभर सोंगं नाचवून लोकांचे डोळे मिटत होते. गोडाऊनवरल्या जिव्याच्या तर कानामागं अजून रंग होता, आणि त्याला तू पहिल्या रांगेत बसवलंस. तुला खुर्ची आणून दिली, ती तू बाजूला सारलीस आणि अंगणात उभी राहून बोललीस. आवाज थरथरला नाही. शेवटच्या घराच्या म्हातारीपर्यंत ऐकू गेलं. मी मनात म्हटलं, आवाज माझा घेतलाय, बरं झालं.

तू काय म्हणालीस ते मला पाठ आहे. लिहिता येत नसलं की पाठ करावं लागतं. तू म्हणालीस, दरवर्षी आवणी आली की आपल्या पाड्यावरची बायामाणसं गोडाऊनमधून न सांगता उठतात आणि भात लावायला घरी येतात. तिकडं माल पडून राहतो. साहेब म्हणतो, यंदा असं झालं तर या डोंगरातलं माणूस पुन्हा घ्यायचं नाही, ठेकेदाराकडून बाहेरची माणसं आणायची. तू त्याच्याशी भांडून आवणीची रजा मिळवलीस, पण दोन तुकड्यांत. आधी अर्ध्यांनी जायचं, ते परत हजर झाले की उरलेल्यांनी. आणि जाताना सांगून जायचं. एवढं बोलून तू विचारलंस, जमेल का, बोला.

आणि कुणीच बोललं नाही. एकानं मुंडासं सोडून परत बांधलं. एकीनं पोराला पदराखाली घेतलं. सावळा, पाड्यातला सगळ्यांत म्हातारा, तो आभाळाकडं बघून म्हणाला की यंदा आंबा कमी आहे. तू वाट बघितलीस, परत विचारलंस, परत तेच. मग तू ‘बरं’ म्हणालीस, पिशवी खांद्याला लावलीस आणि उतार उतरून एसटीला गेलीस. मी नागलीची भाकरी टाकली होती, उडदाचं कालवण चुलीवर होतं. मागनं हाक मारली. तू हात हलवलास. हात हलवून भाकरी पोटात जाते का गं?

तुला वाटलं, पाड्यानं नाही म्हटलं. त्या दिवसापासून तू फोन उचलत नाहीस. मला अक्षरं येत नसली तरी हे मला आरपार वाचता येतं.

अगं, तू आश्रमशाळेत शिकलीस, पुढं नाशकाला माणसं कशी सांभाळायची त्याचा कोर्स केलास. पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी विचारलं होतं, म्हणजे शेळ्यांसारखी का, आणि तू रुसून बसली होतीस. एवढं सगळं शिकलीस आणि आपल्या पाड्यावर विचारल्याबरोबर उत्तर कधी मिळत नाही हे विसरलीस? चार माणसांत विचारलेल्या गोष्टीला इथं जागच्या जागी कुणी हो म्हणत नाही, तसं म्हणणारा उथळ. आणि नाही म्हणणं म्हणजे विचारणाऱ्याचं तोंड उतरवणं. म्हणून माणसं आंब्याचं बोलतात. मग घरोघरी बोलणं होतं, बाया पाण्यावर बोलतात, पुरुष काहीच बोलत नाहीत पण डोकं हलवतात, आणि सगळ्यांचं एक झालं की पाड्याचा शब्द माणसाच्या हाती पाठवतात. माझ्या लग्नाचं तसंच. तुझ्या आजोबांकडची माणसं मला मागायला आली, तर माझ्या बापानं दिवसभर त्यांना फक्त बैलांची माहिती दिली. कुठला बैल लाथ मारतो, कुठल्याचं शिंग कसं मोडलं. बिचारे पाहुणे उठून गेले. तुझे आजोबा सांगायचे की त्यांनी अन्न सोडलं होतं. मला ते कधी खरं वाटलं नाही, आले तेव्हा चांगले गुबगुबीत होते. पण उत्तर त्यांना पोचलं, आणि काय पोचलं ते तुझ्या बापाकडं बघून कळतंच.

हुरळून जाऊ नको मात्र. उशिरा येणारं उत्तर ‘नाही’ असंही असतं. जामसरकडच्या एका घराला आपण एकदा पोरगी नाकारली होती, तेव्हाही बैलांचंच बोलणं झालं होतं.

तू गेल्यावर काय झालं ते आता ऐक. सुट्टी संपायच्या आत सुनिता माझ्याकडं आली. ती तुझ्याच गोडाऊनला डब्यांवरच्या काळ्या रेघांवर लाल दिवा मारायचं काम करते, तुला ठाऊकच आहे, पुष्पाला ठाऊक नाही म्हणून सांगते. सुनितानं मला ते सांगितलं जे तू अंगणात सांगितलं नाहीस. एवढ्या लोकांपुढं बोललीस आणि मुख्य तेच गिळलंस. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत साहेब तुला म्हणाला म्हणे, तुमचे हे लोक भरवशाचे नाहीत. आणि तू ताटावरून उठून उभी राहिलीस. म्हणालीस, सर, हे माझेच लोक आहेत, आणि ते पळत नाहीत, शेत लावायला जातात आणि परत येतात. या आवणीला तुमचं काम थांबलं तर मी माझी खुर्ची सोडीन. सुनिता सांगत होती, कॅन्टीनमध्ये तेव्हा आपल्या पाड्याचं तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तिनं हे माझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणजे पाड्यानं नाही म्हटलं तर त्यांचं काम जाणार, आणि सगळ्यांच्या आधी तुझं. हे तू आम्हाला सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतंस तर लोकांनी तुझ्या तोंडाकडं बघून हो म्हटलं असतं. तुला भिडेखातरचं हो नको होतं. सपना, मी तुला लहानपणापासून सतरा नावं ठेवली, पुढंही ठेवीन. पण हे ऐकलं त्या दिवशी मी घरात बसले नाही. काठी घेतली आणि पाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाच चालत गेले. काही काम नव्हतं. फक्त लोकांनी बघावं, ही कुणाची आजी आहे ते.

तुझे आईबाप भिवंडीच्याच बाजूला वीटभट्टीवर जायचे. मीही गेलेय. तिथं मुकादम आम्हाला नावानं हाक मारत नसे. नवरा-बायको मिळून एक जोडी. कुठं आहे ती जोडी, त्या जोडीला बोलवा, असं. पुतळी नावाचं माणूस तिथं कधी नव्हतंच. आणि सुनिता सांगते, तू सकाळी गोडाऊनच्या दारात उभी राहून आलेल्या प्रत्येकाला नावानं विचारतेस, सोबत पाड्याचं नाव घेऊन. कुणाची सासू आजारी, कुणाचं पोर दहावीला, सगळं ठाऊक. तुझ्या बापाला हे मी सांगितलं तर तो म्हणाला, हूं. त्याचा हूं तुला माहीत आहे. दिवसभर मग तो गुणगुणत होता.

जिव्याचं तर तू सांगितलंच नाहीस मला, तेही त्याच्याकडूनच कळलं. त्याचा बाप गेला, डोकं-मिशी काढून तो कामावर गेला, तर तिथलं ते तोंड ओळखायचं मशीन त्याला आत घेईना. मशीन म्हणे, हा माणूस आमचा नाही. बाप गेलेल्या पोरानं दारात उभं राहून रडावं का हसावं! तू आलीस, त्याला हाताला धरून आत नेलंस आणि मशीनवाल्या पोराला म्हणालीस, याचे केस येईपर्यंत याला मी ओळखते, ते पुरे. जिव्या हे सांगताना अजून नाक ओढतो. वर्षातून एकदा साहेब तुला तू किती बरी ते सांगतो आणि त्याप्रमाणे पगार वाढवतो असं तू म्हणाली होतीस. मग माझंही ऐकून ठेव. स्वयंपाक नापास. आठवण नापास. केस विंचरणं काठावर पास. कणा पहिल्या नंबरात. पगार मी वाढवू शकत नाही, एक कोंबडी देईन.

आता पाड्याचं. सुनितानं कॅन्टीनचं जे सांगितलं ते मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या खुर्चीचं कळलं असतं तर सगळी भिडेखातर हो म्हणाली असती, आणि तुला ते नको होतं. म्हणून मी तोंड दाबून बसले. माझ्यासाठी हे किती अवघड ते पुष्पाला विचार, ती आत्ता लिहिताना हसते आहे.

लोकांत आधी भांडणच झालं. भाताचं रोप काय, राबाच्या वाफ्यात बसून कुणाची वाट बघत नाही, वय झालं की वाकतं. ज्याचं खाचर ओढ्याकाठी, तिथं पाणी आधी साचतं, त्याला पहिल्या तुकडीत जायला काहीच अडचण नाही. पण ज्याचं शेत वर माळाला, त्यानं पहिल्या तुकडीची वाट बघायची, आणि ती परत गेलीच नाही तर? मग याचं रोपही गेलं आणि कामही. सगळ्यांत वर शेत कुणाचं? सावळाचं. त्याचे दोन मुलगे आणि एक सून तुझ्या गोडाऊनला. सावळा काही बोलेना. तो बोलल्याशिवाय बाकीचे बोलेनात. सुनिता आठवड्याच्या सुट्टीला आली तेव्हा पाण्यावर म्हणाली की मी पहिल्या तुकडीत माझं लावून परत जाते आणि माझा नवरा दुसरीत राहील, म्हणजे सावळाकाकाच्या शेताला एक माणूस जास्तीचा मिळेल. तेवढे दिवस नवऱ्याचं तोंडही बघायला नको, चांगलंच आहे. बाया हसल्या, पण तेही तिथंच राहिलं.

मग एके दिवशी उन्हं कलल्यावर सावळा माझ्या ओट्यावर आला. बसला. तंबाखू मळला. मला वाटलं, आता आंब्याचं काढतोय. तर त्यानं विचारलं, पुतळे, त्या दिवशी पोर जेवून गेली का? मी खरं सांगितलं. म्हटलं, भाकरी तव्यावरच राहिली. मळलेला तंबाखू त्यानं तसाच पुडीत परत टाकला. मग म्हणाला, आपल्याच कामासाठी आली, उन्हात उभी राहिली आणि आपल्या पाड्यावरून उपाशी गेली. आपण तिला शब्द दिला नाही ते रीतीला धरून झालं, पण घास दिला नाही ते कुठल्या रीतीत बसतं? एवढं बोलून उठला आणि गेला. मी त्याला थांबवलं नाही. माणूस विचार करायला निघाला की त्याच्या आडवं उभं राहू नये, एवढं मला कळतं, बाकी काही कळत नसलं तरी.

दुसऱ्या दिवशी सुट्टीचा वार होता, गोडाऊनची माणसंही आलेली होती, त्यानं पाड्याला आपल्या अंगणात बोलावलं. कुणी भाषण केलं नाही. कोण पहिल्या तुकडीत, कोण दुसऱ्या, कुणाचं खाचर कधी, हे सगळं त्यानं जमिनीवर बोटानं ओढून दाखवलं आणि मग पायानं पुसून टाकलं, कारण आता ते सगळ्यांच्या डोक्यात होतं. पहिली तुकडी परत गेली की मगच दुसरी निघेल, आणि पहिल्या तुकडीतला कुणी मागं रेंगाळला तर त्याच्या शेतावर पुढच्या आवणीला पाड्यातलं एकही माणूस जाणार नाही. यापेक्षा मोठी शिक्षा तुझ्या कंपनीकडं असेल तर मला सांग.

आता कारण. पुष्पा, आता लिही, ‘पत्रास कारण की’. सपना, पाड्याचा शब्द हो आहे. कुणाच्या भिडेखातर नाही, तुझ्या खुर्चीचं सुनिता, मी आणि आता हे पत्र ऐकणारी दोघं सोडून अजून कुणाला ठाऊक नाही. त्यांनी ते स्वतःचं म्हणून ठरवलं. आणि हा शब्द तुला पोचवायचा मान सावळानं मला दिला, म्हणाला, तुझी नात आहे, तुझ्या तोंडून जाऊ दे. म्हणून फोन नाही, पत्र, आणि ते घेऊन येतोय जिव्या. साहेबाकडं जाशील तेव्हा त्याला बाहेर उभा करू नको, सोबत आत ने. पाड्याची एक अट मात्र आहे, ती साहेबाला माझ्या आवाजात सांग. आवणीला गेलेल्या माणसाच्या नावापुढं तुमच्या कंप्युटरवर ‘पळून गेला’ असा शब्द येतो, जिव्यानं स्वतः बघितलाय. तो शब्द पुसायचा. आम्ही सांगून जाऊ, सांगितल्या दिवशी परत येऊ, मग तिथं ‘आवणीला गेला’ असंच दिसलं पाहिजे. तो नाही म्हणाला तर बैलांचं बोलून ये आणि परत विचार. हो म्हणाला तर लगेच फोन कर, आणि माझा फोन आला तर मीटिंगमधून उठ. जिव्या परत येईल तेव्हा त्याच्याबरोबर भिवंडीच्या बाजारातून सुका जवळा पाठव. बिस्किटं नकोत. बोंबीलही नकोत, ते चावायला मला कुणाचे दात उसने घेऊ? जवळाच पाठव, बारीक, वाळू नसलेला, आणि माझ्यापुरता नको. ज्या ज्या घरानं तुला हो म्हटलं त्या प्रत्येक घरी ओंजळभर द्यायचाय मला, स्वतःच्या हातानं, तेव्हा मोठी गोणी बघ.

तुझीच,
पहिल्या नंबरातल्या कण्याची आजी